अर्ध्यावर सोडलेला धवला

आधीच सांगतो मंडळी, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. धंदाच तसा आहे माझा — लिफ्टचं मेंटेनन्स. अंबरनाथ पश्चिमेच्या आणि उल्हासनगरच्या बऱ्याच बिल्डिंगा माझ्याकडे आहेत. "दादा, लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते, तिथले आजोबा वारले ना परवा..." असे फोन मला नेहमीचेच. मी जातो, चिकटलेलं बटण बदलतो, आजोबांना मुक्ती मिळते. तर असा मी. तरी हे लिहायला बसलोय, कारण कोणाचे तरी आभार मानायचे आहेत आणि नेमके कोणाचे तेच कळत नाहीये.

आम्ही बदलापूरचे, कुळगावातले. आगरी घर. माझी आई धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि पुढे बसून ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आईला धवले तिच्या आईकडून आले. त्यातला हळदीचा एक तर आमच्या माहितीत दुसऱ्या कोणालाच येत नाही. कितीदा म्हणालो, "आई, मोबाईलवर रेकॉर्ड करू दे ना." तर म्हणायची, "लगीन नसताना धवला म्हनाचा नाय." बरं, जुन्या लग्नांच्या शूटिंगमध्ये शोधावा, तर तिच्या आवाजावर डीजे!

तिचा दुसरा नियम याहून कडक. धवला एकदा धरला की अर्धा टाकायचा नाही. लाइट जाऊ दे, मांडव पडू दे. चुलत बहिणीच्या हळदीत एक बाई मध्येच चहाला उठली, तर आईने गाता गाताच तिला हाताला धरून खाली बसवलं होतं. एक सूर हलला नाही.

अशा बाईची वाचा गेली. मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न केला तर बोलतील. पण आईने प्रयत्नच सोडला. भिंतीकडे तोंड करून पडायची, जेमतेम दोन घास खायची. आणि इकडे माझ्या मुलीचं, प्रणालीचं, लग्न ठरलेलं. पोरगी रडून सांगायची, "पप्पा, आजीचा धवला नसेल तर मला हळदच नको." आता आजीचा आवाज आणू कुठून, कप्पाळ!

आता व्हायोलिनचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याचा काय संबंध. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका सिंधी अंकलच्या माळ्यावर ते धूळ खात पडलं होतं. त्यांची लिफ्ट चालू करून दिली तशी म्हणाले, "ले जा साईं, हमारे घर में कौन बजाएगा?" मी आणलं. सांगलीच्या एक मॅडम ऑनलाइन शिकवतात, तेही फक्त लोकगीतांच्या चाली. त्यांच्याकडे नाव घातलं. सुरुवातीला बायको, सुगंधा, म्हणायची की घरात मांजर कोंडल्यासारखं वाटतं. पण हात बसत गेला.

मग मॅडमनी सांगितलं, "आता तुमच्या घरातली एखादी चाल बसवून आणा." माझ्या डोक्यात लगेच तो हळदीचा धवला. म्हणायला बंदी आहे, वाजवायला कुठे आहे? निदान चाल तरी प्रणालीच्या हळदीत असेल. पहिल्या तीन ओळी आठवून आठवून बसवल्या. चौथी ओळ, जी एकदम खाली उतरते, ती काही केल्या येईना. लहानपणापासून ऐकलेली, पण डोक्यातून साफ गेलेली.

त्या रविवारी दुपारी माझा क्लास होता. एकट्याचाच असतो, दुसरा विद्यार्थी नसतो. सुगंधा आईला घेऊन कॅम्प चारला फिजिओथेरपीला गेलेली, प्रणाली मैत्रिणीकडे. घरात मी एकटा. आईच्या खोलीतच बसलो, तिथे नेट बरं येतं.

तीन ओळी वाजवल्या आणि अडकलो. व्हायोलिन खाली ठेवून म्हटलं, "मॅडम, एवढंच येतं..."

मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं. डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "आजी, शेवटची ओळ परत एकदा म्हणा ना."

मी मागे वळून पाहिलं. रिकामी कॉट, घडी घातलेली चादर.

मला काही सुचायच्या आत मॅडमनी आपलं व्हायोलिन उचललं आणि वाजवलं. मंडळी, तीच ओळ. तशीच खाली उतरणारी, शेवटी जरा थांबून टेकणारी.

"मॅडम, घरात कोणी नाहीये."

"काहीतरीच काय! इतक्या स्पष्ट म्हणाल्या. जरा चिडलेल्या वाटल्या, एवढंच."

मी मोबाईल फिरवून सगळी खोली दाखवली. त्यांनी वाकून स्क्रीनमध्ये पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अहो... मग मी ऐकलं कोणाचं?"

मी शेवटी मेकॅनिक. शेजारी जाऊन टीव्ही चालू होता का विचारलं. जवळपास कुठे लग्न नाही ना, तेही पाहिलं. क्लासचं रेकॉर्डिंग होतं ते हेडफोन लावून ऐकलं — माझ्या तीन ओळी, मग शांतता, लांबून कुकरची शिट्टी, आणि मग मॅडमचा आवाज. मध्ये काहीच नाही. मॅडमनीही ते ऐकलं आणि फोन करून म्हणाल्या, "मलाही आता ऐकू येत नाहीये हो. पण मी ऐकलं, शप्पथ."

संध्याकाळी सुगंधा परत आली, आईला कॉटवर निजवलं. मी काही सांगायच्या आधीच तिने पर्स टाकली आणि सुरू झाली, "आज आई काय भडकल्या माहितीये? नेहमी मेल्यासारख्या पडतात, आज व्यायाम चालू असताना एकदम हात झटकला त्या फिजिओवाल्या मुलीचा. किती वेळ रागारागाने तोंड हलवत होत्या. आवाज नाही, नुसतं तोंड!"

मी उठलो. व्हायोलिन काढलं, आईसमोर बसलो आणि धवला अख्खा वाजवला. चौथी ओळ सुरू झाली तशी आईने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. डावा हात कॉटवर आपटून ताल धरला. आणि मग तिच्या घशातून सूर आला. शब्द नाही, नुसता सूर, फाटका, पण जागच्या जागी. सुगंधा दारातच खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडलो, लाज कसली!

त्या रात्री आई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवसापासून व्यायामाला स्वतःहून हात पुढे करायला लागली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलण्याआधी कधी कधी गाणं परत येतं. मला ते पटलं. पण रविवारच्या दुपारी सांगलीला पोचलेल्या आवाजाचं काय? कुळगाव ते कॅम्प चार, मध्ये अख्खं अंबरनाथ आहे हो!

प्रणालीच्या हळदीला मी डीजेवाल्याला हात जोडून बंद करायला लावलं. मी वाजवत होतो, आई खुर्चीत बसून म्हणत होती. शब्द अर्धेमुर्धे, पण चाल पुरी. पोरीच्या गालावरची हळद डोळ्यांतल्या पाण्याने वाहून गेली, बायकांनी परत लावली.

लिफ्टच्या कामात मी आजवर कारण सापडल्याशिवाय एक कंप्लेंट बंद केली नाही. ही मात्र उघडीच आहे आणि उघडीच राहू दे. जे कोणी होतं त्याने माझी आई मला परत दिली. मॅडमचे तर आभार मानलेच, सिंधी अंकलना मिठाई देऊन आलो. उरलेले आभार इथे मानतो.

हळदीनंतर, पाहुणे जेवायला गेल्यावर, मी आईच्या पायाशी बसलो आणि विचारलं, "आई, त्या दिवशी क्लासमध्ये तू होतीस का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी काही येडपटपणा केला की पाहायची तसं. डावी मूठ स्वतःच्या छातीवर आपटली. मग बोट माझ्या नाकासमोर नाचवलं, आणि झटका आल्यापासूनचं तिचं पहिलं पुरं वाक्य बोलली —

"आर्धा... टाकाचा नाय."