दहापैकी दहा

पुसदच्या आसपासच्या शाळांत मी तीस वर्षं मास्तरकी केली, आणि कोणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. एकदा सरपंचाच्या पोराला नापास केलं, तर गावात आठ दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. म्हटलं, नका बोलू. पेपर तपासून झाले की मार्कांची बेरीज माझी बायको करायची. ती सातवी शिकलेली, पण बेरजेत कधी चुकली नाही. म्हणून तिने दिलेल्या मार्कांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. गाढव मी.

दोन वर्षांपूर्वी बाजारातून परत येताना मला घराची गल्लीच सापडेना. शेवटी पानठेलेवाल्याने घरी आणून सोडलं. नागपूरची लेक म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरले दाखवू ना." मी म्हटलं, डोकं माझं आहे, त्यात काय आहे ते मला ठाऊक. त्याच सुमारास एक जुना विद्यार्थी भेटला. तो शाळेच्या मैदानावर रोज सकाळी प्राणायाम शिकवतो. म्हणाला, "गुरुजी, अनुलोम-विलोम अन् भ्रामरी करा. दोन-तीन महिन्यांत सगळे पाढे आठवते का नाही, पाहा." पाढे मी विसरलोच नव्हतो बाप्पा, कालचं विसरत होतो. तरी गेलो.

एका नाकपुडीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. मग कान बंद करून भुंग्यासारखं गुणगुणायचं. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. डोकं हलकं व्हायचं, झोपही लागू लागली. पण मास्तर माणूस नुसत्या वाटण्यावर कसा भरवसा ठेवील? परीक्षा पाहिजे. मी एक वही केली. बायकोने रोज संध्याकाळी कालच्या दिवसावर दहा प्रश्न विचारायचे. भाजी कोणती होती, फोन कोणाचा आला, घरी कोण येऊन गेलं. मी उत्तरं लिहायची आणि तिने लाल पेनाने तपासायची.

सुरुवातीला तीन, चार, फार तर पाच. मार्क कमी पडले की मला जेवण जायचं नाही. दिवाळीनंतर सातावर आलो, मग आठावर. संक्रांतीच्या आसपास एकदा दहापैकी दहा पडले, आणि त्यानंतर रोजच. मी मैदानावर उभं राहून सगळ्यांसमोर भाषण ठोकलं. लेकीने डॉक्टरचं नाव काढलं की वही तिच्यापुढे धरायची. ती वाचायची आणि विषय बदलायची.

आज सकाळी लेक आली. चहा पिता पिता मोबाईलवरचे फोटो दाखवत होती. एका फोटोत ती, नात आणि मधे मी, समोर केक. माझा वाढदिवस, याच घरातला. मला तो केक काही केल्या आठवेना. फोटोवर तारीख होती. मी वही काढून दुसऱ्या दिवशीचं पान उघडलं. प्रश्न होता, काल घरी कोण आलं होतं? खाली माझ्या अक्षरात उत्तर, कोणीच नाही. पुढे लाल पेनाने बरोबरची खूण.

मग मी मागची पानं चाळू लागलो. एका पानावर मी लिहिलं होतं की काल मोठ्या भावाचा फोन आला. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. तेही बरोबर.

बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. वही तिच्यापुढे आपटली. "काहून केलं असं? मले येडं बनवलं तू?" परक्यांनी फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. जिच्या बेरजेवर मी कधी दुसऱ्यांदा नजर टाकली नाही, तिने माझी इतक्या महिन्यांची खोटी गुणपत्रिका भरली, आणि त्या जोरावर मी डॉक्टरचं दार टाळलं.

"चार मार्क पडले का तुमी जेवत नव्हते," ती म्हणाली. "दहा दिले त हासत उठत होते. मले तेवढंच पायजे होतं."

"मंग सांगाचं त होतं मले."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "सांगतलं ना. होळीले सांगतलं, मंग पोळ्याले सांगतलं. दोन्ही खेपेले तुमी वही अशीच आपटली. अन् दुसऱ्या दिवशी मैदानावरून आले अन् संध्याकाळी म्हणे, विचार दहा प्रश्न."

मी लेकीकडे पाहिलं. माझ्यामागोमाग आत येऊन ती खाली मान घालून मेथीची पानं खुडत होती.

दोघींनी मिळून हेही रचलं असेल. जी बाई इतके महिने खोटं बोलली, तिला आणखी एक खोटं बोलायला काय लागतं? होळीला काय झालं, पोळ्याला काय झालं, हे तिसरं कोणी सांगू शकेल तर तो मीच. आणि मला काही आठवत नाही.