लांबचा कोपरा

चावीवाल्या वहिनीला कोणी फसवू शकत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि तिला स्वतःला बाजारापेक्षा जास्त. तीस वर्षं कुलपं उघडून ती एवढंच शिकली होती की, जो माणूस दाराशी फार गोड बोलतो त्याला आधी घरातल्या पंख्याचा रंग विचारावा. "अहो ताई, घर माझंच आहे," असं कोणी केविलवाणं म्हणालं की तिचा हात पिशवीतच थांबायचा.

दुकानाचा अर्धा गाळा तिचा, अर्धा धाकट्या दिराचा. दीर घड्याळजी. ती लग्न होऊन आली तेव्हा हा चौथीत होता, शाळेच्या दप्तरात मोडकी गजराची घड्याळं घेऊन हिंडायचा. नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे भांडायला हक्काचा माणूस म्हणजे दीरच.

रविवारी मात्र दोघांचं वेड एक. रिमोटच्या गाड्या. ज्याला हा पोरखेळ वाटतो त्याने त्या बंद गोदामाच्या डांबरी आवारात एकदा येऊन उभं राहावं. गाडी हातभर लांब, पण खऱ्या मोटारीसारख्या स्प्रिंगा, धक्के झेलणारे तेल भरलेले शॉक, रबरी टायर. सरळ पट्ट्यावर स्कूटरला मागे टाकील असा वेग. वळणावर टायरने डांबर धरलं तर जिंकलात, नाही धरलं तर कडेच्या फळीवर आपटलात. ही पकड बसवायची वहिनीने आणि उंच मचाणावर उभं राहून रिमोटने गाडी चालवायची दिराने. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

यंदा क्लबातून एकच गाडी मोठ्या स्पर्धेला जाणार होती. शेवटच्या रविवारी जी पहिली येईल ती. आणि नेमकी यंदाच गाडी रुसली.

"वहिनी, लांबच्या कोपऱ्यावर मागचं सुटतंय, चाकं डांबर धरत नाहीत," दीर म्हणाला.

तिने मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिने शॉकमधलं तेल पातळ केलं. पुन्हा तेच. मागची चाकं किंचित आत वळवली, चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून डाव्या-उजव्या बाजूचा भार सारखा केला. तरी दीर मचाणावरून उतरला की मान हलवायचा, "सुटतंयच हो."

तिच्या हाताखालून गेलेलं कुलूप परत अडकत नाही. मग गाडी का अडकावी? नक्की कोणीतरी हात लावतंय. तिने कपाटातली लाल नेलपॉलिश काढली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब सोडला. स्क्रू फिरला की थेंब तडकणार. आठवड्याने भिंग लावून पाहिलं. एकही थेंब तडकला नव्हता. बाहेरचं कोणी नाही, म्हणजे तिचा संशय सुटायला हवा होता. तो आणखी घट्ट झाला.

कारण त्याच रविवारी तिने दिराला दाताच्या डॉक्टरच्या टेबलाशी कुजबुजताना पाहिलं होतं. हा दंतवैद्य म्हणजे शर्यतीत नेहमी त्यांच्या खालोखाल येणारा. सगळे सुटे भाग परदेशातून मागवलेले आणि हाताला वंगणाचा एक डाग नाही.

"काय चाललं होतं रे तिकडे?"

"दात दाखवत होतो."

"मैदानात?"

"दुखायला लागला तर काय दवाखान्यात जाईपर्यंत थांबायचं?"

इथेच पाणी मुरतंय, हे तिने मनाशी पक्कं केलं.

घरी आल्यावर तिने टायर उतरवून दिव्याखाली धरले. माणूस खोटं बोलतो, रबर बोलत नाही. मागचे टायर एकसारखे झिजले होते, म्हणजे मागची पकड उत्तम. फाटल्या होत्या त्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा. म्हणजे मागचं कधी सुटतच नव्हतं. गाडी वळायला उशिरा लागत होती, नाक सरळ फळीकडे जात होतं. मग हा पठ्ठ्या सहा आठवडे काय सांगत होता?

शेवटच्या रविवारी सकाळच्या सरावाला ती टेबलाशी थांबली नाही. उलटलेल्या गाड्या सरळ करणाऱ्यांची नारिंगी बंडी अंगात घालून ती थेट लांबच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. बाकीची पाच वळणं गाडीने लोण्यासारखी घेतली. लांबच्या कोपऱ्यावर मात्र प्रत्येक फेरीला ब्रेक उशिरा, वळण उशिरा. चुकून एकदा झालं असतं तर वेगळं. दहाच्या दहा फेऱ्या? हा उघड उघड मुद्दाम हरतोय!

ती तरातरा मचाणाखाली आली. दंतवैद्य तिथेच गाडी पुसत होता.

"काय ठरलंय तुमचं दोघांचं?" तिचा आवाज गोदामाच्या पत्र्यापर्यंत गेला. "मला आंधळी समजता काय?"

दिराचा चेहरा पांढरा पडला. दंतवैद्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सांगून टाका आता."

"तू मध्ये बोलू नकोस, दातवाल्या!"

दीर तिला गोदामाच्या मागे घेऊन गेला. हातातल्या रिमोटचं चाक नुसतंच फिरवत म्हणाला,

"वहिनी, तो कोपरा मला दिसत नाही. गाडी तिथे जाते आणि पुसली जाते. मी अंदाजाने वळवतो."

"कधीपासून?"

"तीन महिने. जवळचं दिसतं, पण भिंगही वाढवावं लागतंय. त्या दातवाल्यांची बहीण डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणून विचारत होतो. बाजारात कळलं तर माझ्याकडे घड्याळ कोण टाकेल?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रिमोट काढून घेतला असता."

"घेतला असताच."

तिला राग आला तो आधी त्याचा, मग स्वतःचा. सहा आठवडे तिने धडधाकट गाडीवर उपचार केले होते. औषध एकाला हवं होतं आणि ती पाजत होती दुसऱ्याला! ती टेबलाशी गेली, पाना उचलला आणि केलेलं सगळं उलटं करायला बसली. मागच्या स्प्रिंगा पुन्हा कडक, जुनं जाड तेल, चाकं पहिल्या कोनात. अंतिम शर्यतीला अर्धा तास उरला तेव्हा तिने रिमोट दिराच्या हातात ठेवला.

"तुम्ही चालवा ना," तो म्हणाला.

"मला चालवता येत असतं तर तुझे नखरे कशाला सोसले असते? मी शेजारी उभी राहते. लांबच्या कोपऱ्यावर मी 'हं' म्हटलं की वळव. विचार करायचा नाही."

पहिल्या दोन फेऱ्यांना तिचा 'हं' उशिरा आला आणि गाडी फळीला घासली. तिसरीपासून जमलं. पुढे सतरा फेऱ्या ती मचाणावर नुसती 'हं' म्हणत होती आणि खाली लोक हसत होते. हसू देत. गाडी पाचव्या नंबरावरून दुसऱ्यावर आली, शेवटच्या वळणाला दंतवैद्याच्या मागच्या बंपरला तिचं नाक लागलं, आणि तिथेच रेषा आली. अर्ध्या गाडीने हरले.

वहिनीने लगेच हात वर केला. "त्यांची गाडी वजनाला लावा. टायरही तपासा."

तपासली. वजन बरोबर, टायर नियमातले, बॅटरी नियमातली. तिने स्वतः खाली वाकून दोनदा पाहिलं आणि कागदावर सही केली.

"गाडी स्वच्छ आहे," ती दंतवैद्याला सगळ्यांसमोर म्हणाली. "सकाळी मी बोलले ते चुकीचं बोलले."

"आणि?" तो हसून म्हणाला.

"आणि काय? बहिणीचा दवाखाना किती वाजता उघडतो?"

"नऊला."

ती टेबलाशी आली. दीर पेटीत पाने भरत होता, एकेक चाचपून.

"उद्या नऊला. मी येणार आहे बरोबर."

"आणि दुकान?"

"बंद."

"मी जाईन की एकटा. लहान आहे का मी? माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"नाही," वहिनी म्हणाली आणि पेटीचं दुसरं टोक उचललं.