भिजवलेलं जहाज

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात वीसेक वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभी राहिले, तिथे ती भिंगरी कामाला आली. मग नवऱ्याला लकवा झाला, काम सोडून मी घरी बसले आणि माझंच डोकं फिरायची वेळ आली.

हे अंबरनाथला एका कंपनीत लेथवर होते. लकव्यातून पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, बोटांना काम द्या. म्हणून आमच्या मुलीनं ऑनलाइन लाकडी जहाजाचा किट मागवला. खोक्यावर दोन शिडांचं झोकदार जहाज, आत मात्र नुसत्या पट्ट्या, काटक्या आणि चादरीएवढा नकाशा.

खोका महिनाभर टीपॉयवर पडून. हे चिखलोलीच्या आमच्या घराच्या खिडकीत बसून समोरच्या नव्या बिल्डिंगचे माळे मोजत. मी येता-जाता म्हणायची, घ्या ना करायला, बसून बसून हात अजून आखडेल. शेवटी वैतागून म्हणाले, "तूच कर. तुलाच लई घाई आहे."

होतीच मला घाई. तो हात बरा व्हायला पाहिजे होता, आणि लवकर. दुसरं काही सुचतच नव्हतं. म्हटलं, मी सुरू करते, बघून तरी ह्यांना चेव येईल.

आता आमच्या धंद्यातला पहिला नियम, भिजवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. जीन्सचं कापड आटतं. आधी पाणी दाखवलं नाही तर बत्तीसची कंबर धुतल्यावर तीसवर येते. आमच्या सिंधी शेठनं हे पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकलं होतं. लाकूडही आटतच असणार, असं धरून चालले मी. सकाळी नळाला पाणी आलं तसे जहाजाचे सगळे भाग टबात बुडवले, वर पोळपाट दाबून ठेवला आणि बाजारात गेले.

दुपारी बघते तर प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले. जहाजाच्या फासळ्या तळलेल्या पापडासारख्या वाकड्या. प्रत्येक भागावर शाईनं छापलेले नंबर धुऊन गेलेले आणि टबातलं पाणी निळंशार. हात हलवायला एक साधन आलं होतं घरात, तेही मी बुडवलं.

टब लपवायला गेले तर हे काठी टेकत मोरीच्या दारात. वाटलं, आता ओरडतील. तर हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, तोंडाच्या एका बाजूनं. "अगं, पँट शिवतेस का जहाज?"

त्यांच्या सांगण्यावरून फासळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली दाबल्या. दोन दिवसांनी त्यांनीच नकाशा पसरायला लावला. जन्मभर ड्रॉइंग वाचलेला माणूस. डाव्या हातानं एकेक फासळी नकाशावर ठेवून नंबर सांगत गेले, मी पेन्सिलनं लिहीत गेले. पण माझं चित्त थाऱ्यावर कुठलं? उजवा हात कधी उठतो, तिकडेच डोळे. चिकटवायला घेतलं तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "उजव्यानं धरा की. प्रयत्न तरी करा."

त्यांनी फासळी खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"तू बाजारात गेलीस की रोज करतो. महिना झाला. साधी टाचणी उचलत नाही हा हात."

मला राग आला. कोणाचा, ते कळेना. उठावं, चहा टाकावा, दोरीवरचे कपडे काढावेत, काहीही करावं, पण इथे बसू नये असं झालं. तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं एक पट्टी गोंद लावून फासळ्यांवर बसवली आणि म्हणाले, "हे दाबून धर. गोंद धरेपर्यंत हलायचं नाही."

धरली. दहा मिनिटं. बोटं ठणकायला लागली, डोळे वाहायला लागले, तरी नाक पुसायलासुद्धा हात सोडला नाही. ह्यांनी बघितलं. डाव्या हातातल्या फडक्यानं माझं नाक पुसलं आणि पुढची पट्टी उचलली.

जहाज अजून अर्धंच झालंय, तेही एका अंगाला कलतंय. रोज चार वाजता बसतो आम्ही. तीन हात आहेत, तेवढ्यांत करतो.