राणीचा निरोप्या

कॉव्हेंट्रीचं घर का सोडलंस असं कुणी विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असतं: मँचेस्टरला प्रोजेक्ट मिळाला. बायकोलाही मी हेच सांगितलंय. प्रोजेक्ट मिळाला हे खरं, पण तो घर सुटल्यावर सात आठवड्यांनी. ते सात आठवडे मी एका मित्राच्या सोफ्यावर काढले, कारण मला घराबाहेर काढलं होतं. का काढलं, ते आज बावन्नाव्या वर्षी लिहून टाकतो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेला, तिशीतला, बिनलग्नाचा सॉफ्टवेअरवाला. वरच्या मजल्यावरची मागची खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडची, सत्तरीची विधवा. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात नर्स, शेवटची बरीच वर्षं वॉर्ड सिस्टर. निवृत्त झाल्या तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची, मीही. उंच, ताठ, आणि बोलताना समोरच्यावरून नजर न हलवणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात मी फोडणी केली, मोहरी तडतडली, तशा त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गोळीबार किती वेळ चालणार आहे?"

"झाला, सिस्टर. सॉरी."

"सॉरी नको. खिडकी उघड. आणि काय केलंयस ते मला वाढ."

रविवारी दुपारी त्या इस्त्री करायच्या. चादरी, अभ्रे, चहाची फडकी, सगळ्याला इस्त्री. मी टेबलाशी बसून आठवड्याची भाजी चिरायचो आणि त्या मला त्यांच्या राणीची गोष्ट सांगायच्या. त्यांच्या गावामागे एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर दगडांचा प्रचंड ढीग आहे आणि त्या ढिगाखाली ती राणी पुरली आहे म्हणतात. आडवी नाही. उभी. हातात भाला, तोंड शत्रूच्या मुलखाकडे.

गोष्ट सुरू व्हायची अंथरुणात. राणी आणि तिचा नवरा उशीला टेकून बोलतायत. नवरा म्हणतो, माझ्याशी लग्न झालं म्हणून तुझं बरं चाललंय. झालं. राणी उठून बसली. म्हणाली, आण तुझं सगळं बाहेर, मी माझं आणते. भांडी, अंगठ्या, मेंढ्या, घोडे, सगळं अंगणात समोरासमोर लागलं. बरोबरीला बरोबरी. फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल होता आणि त्याच्या तोडीचा राणीकडे नव्हता. तो बैल जन्मला होता राणीच्याच कळपात, पण बाईच्या मालकीचं राहणं त्याला पटेना, म्हणून राजाच्या कळपात गेला.

"बैलाला सुद्धा पटेना," सिस्टर म्हणायच्या आणि अभ्र्यावर वाफ सोडायच्या.

शाळेत मी ज्या लढवय्या राण्या शिकलो, त्या मुलासाठी लढल्या, राज्यासाठी लढल्या, अब्रूसाठी लढल्या. ही बाई एका बैलासाठी लढायला निघाली. मी एकदा म्हटलंही, "सिस्टर, ही जरा हट्टी नाही वाटत?"

"हट्टी?" इस्त्री हवेत थांबली. "अरे, तिने आधी मागितला. शेजारच्या मुलखात तसाच एक बैल होता. तिने दूत पाठवले, एका वर्षासाठी दे म्हणाली, बदल्यात जमीन देऊ केली, रथ देऊ केला. मालक खूश. गादीवर उड्या मारण्याइतका खूश. देतो म्हणाला. मग दूत रात्री प्यायले आणि बरळले की बरं झालं दिला, नाहीतर आमच्या राणीने हिसकावून नेलाच असता. मालकाच्या माणसाने ते ऐकलं. सकाळी बैलही नाही आणि निरोपही नाही. दोन मुलखांची तरणीताठी माणसं मेली, ती दोन दूतांच्या जिभेपायी."

"मग राणीने त्या दूतांचं काय केलं?"

"काही नाही. म्हणाली, ते बोलले ते माझ्या मनातलंच बोलले." हे सांगताना सिस्टरची मान आणखी ताठ व्हायची. राणीच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा त्यांना हे जास्त आवडायचं. दुसऱ्यावर ढकललं नाही.

मला हे इतकं पाठ होतं, म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

सिस्टरचा एक धाकटा भाऊ बर्मिंगहॅमला राहायचा. ट्रेनने अर्ध्या तासावर. बावीस वर्षं बोलणं बंद. आई गेली तेव्हा तिच्याजवळ शेवटचे तीन महिने सिस्टर बसल्या होत्या, आणि कबरीवरचा दगड मात्र भावाने परस्पर करून घेतला. त्यावर कोरलं, लाडक्या मुलाकडून. मुलीचा उल्लेखच नाही. आयर्लंडमधल्या त्या कबरीत तिघांची जागा होती. वडील, आई, आणि एक शिल्लक. त्या जागेचा हक्काचा कागद भावाच्या नावावर.

सिस्टरकडे घर होतं, पेन्शन होतं, रस्त्यात थांबून हात धरणारे जुने पेशंट होते. ती एक जागा नव्हती.

त्या वसंतात डॉक्टरांनी त्यांना काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही. पण एका रविवारी इस्त्री तापत ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.

"तुझं ऑफिस बर्मिंगहॅमलाच आहे ना सध्या?"

"आठवड्यातून तीन दिवस."

"माझ्या भावाकडे जाशील? मला आईशेजारी जायचंय. त्याची बायको तिथेच बर्मिंगहॅमला पुरलेली आहे, तो तिच्याजवळच जाणार. त्याला ती जागा लागणार नाही. त्याला सांग, मी विचारतेय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "प्लीज म्हणून सांग. बाकी काही सांगू नकोस."

प्लीज हा शब्द त्यांच्या तोंडून मी तीन वर्षांत ऐकला नव्हता.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर गेलो. लाल विटांचं छोटं घर, स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात भिंतीला खिडकी. भाऊ बहिणीसारखाच उंच, पण खांद्यात वाकलेला. मी निरोप सांगितला, प्लीजसकट.

"प्लीज म्हणाली? तीच?"

"हो."

त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मग कपाटातून एक जुना लिफाफा काढला, त्यातला कागद उलगडून टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "घेऊन जा. वरून चिठ्ठी लिहून देतो. तिला म्हणावं, रविवारी जेवायला ये. बटाटे जळू देणार नाही म्हणावं, या वेळी." आणि चहा टाकायला आत गेले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मँचेस्टरचा मित्र, कॉलेजपासूनचा. गेला आठवडाभर तो मला चिडवत होता.

"काय रे, म्हातारीचा पोस्टमन! पोचलं का टपाल?"

मी मराठीत बोलत होतो ना. घरात एक म्हातारा आयरिश माणूस, त्याला काय कळणार? आणि मला ती पोस्टमनगिरी थोडी मोठी करून दाखवायची होती.

"अरे, मिशन सक्सेसफुल! म्हाताऱ्याने लगेच पेपर काढून दिला. नाही म्हणाला असता ना, तर हिचा सॉलिसिटर रेडीच होता. सरळ कोर्टात खेचणार होती. ही काय सोडणारेय? शी वुड हॅव टेकन इट एनीवे!"

सॉलिसिटर वगैरे काही नव्हता. सिस्टर तसलं एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. ते सगळं मी तिथल्या तिथे बनवलं, मित्राला हसवायला. तो हसलाही.

आपली मराठी आपल्याला वाटते तेवढी बंद पेटी नसते. तिच्यातून इंग्रजी शब्द खिळ्यांसारखे बाहेर आलेले असतात आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरतात. भिंतीच्या खिडकीपलीकडे किटली बंद झाली होती. ते चहाचा ट्रे घेऊन आले.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"एक."

त्यांनी साखर घातली, ढवळली, कप माझ्यापुढे ठेवला. मग टेबलावरचा कागद उचलून जुन्याच घड्यांवर दुमडला आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला. "पोस्टाने पाठवतो," म्हणाले.

मी चहा प्यायलो. अख्खा कप. परतीच्या ट्रेनमध्ये स्वतःला समजावत राहिलो की जुन्या सवयीची माणसं असतात, त्यांना पोस्टानेच पाठवायचं असतं. सिस्टर दारातच उभ्या होत्या. मी म्हटलं, हो म्हणाले, रविवारी जेवायला बोलावलंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

शुक्रवारी पत्र आलं. सिस्टरनी ते माझ्यासमोरच वाचलं आणि टेबलावर सरकवलं. दोन ओळी. तुझा वकील तयार आहे असं तुझ्या भाडेकरूकडून कळलं. तर मग घे, घेता येत असेल तर.

"तू असं काही बोललास?"

ही नजर वॉर्डात किती जणांनी सोसली असेल. मला आठवत होतं, राणीने दूतांना काही केलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर त्या त्याच दुपारी स्वतः बर्मिंगहॅमला गेल्या असत्या. कोट घालायला जेवढा वेळ लागेल तेवढाच.

"नाही, सिस्टर. मित्राचा फोन आला होता, पण मी मराठीत बोलत होतो. त्यांना कसं कळणार?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

"म्हणजे त्याला द्यायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "निमित्त शोधलं. खोटारडा. लहानपणापासून." सोमवारी त्यांनी खरोखर वकील केला. मी गंमत म्हणून जे बोललो होतो, ते आता खरं झालं.

पुढची दोन वर्षं पत्रं जात-येत राहिली. सिस्टर दर पत्राआधी केस विंचरायच्या, टेबलाशी ताठ बसायच्या, मसुदा मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. "कसा आहे?" मी म्हणायचो, चांगला आहे. एकदा म्हणाल्या, "तू माझ्या बाजूने उभा राहिलास, हे मी विसरणार नाही." मी तेव्हा गाजर किसत होतो. बोट किसलं गेलं.

मग एका फेब्रुवारीत भाऊ अचानक गेला. त्यांच्या शेजारणीने फोनवर कळवलं, आणि दुसरी बातमीही तिनेच दिली. वकिलाकडे त्यांनी लिहून ठेवलं होतं की मला आयर्लंडला न्या, आईजवळ पुरा. बायकोला बर्मिंगहॅममध्ये एकटी ठेवून ते ती जागा अडवायला निघाले होते.

"जिंकला," सिस्टर म्हणाल्या.

माती बुधवारी होती. मंगळवारी दुपारचं विमान होतं, तिकीट आमच्या गल्लीतल्या कुणीतरी काढून आणून दिलं होतं, ते शेकोटीवरच्या मँटलपीसवर घड्याळाला टेकवून ठेवलेलं. मंगळवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचं टेबल मांडलं. रविवार नसताना.

"सिस्टर, विमान आहे."

"खोटारड्याच्या मातीला मी जात नाही."

घड्याळ दहा वाजून गेलेलं दाखवत होतं. मी ऑफिसला फोन करून येत नाही म्हणून कळवलं होतं. का, ते मलाही तोवर माहीत नव्हतं. इस्त्री अभ्र्यावरून फिरत होती, एकाच अभ्र्यावरून.

"ते खोटं बोलले नव्हते," मी म्हणालो.

इस्त्री थांबली नाही.

"मी बोललो होतो. सॉलिसिटर, कोर्ट, सगळं. मराठीत, पण ते शब्द इंग्रजीच होते. त्यांनी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. तुम्ही असं काहीच म्हटलं नव्हतं, ते माझ्या मनाचं होतं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

आता इस्त्री थांबली. कापडावरच. करपल्याचा वास आला तरी त्यांनी उचलली नाही. मीच पुढे होऊन उचलली. अभ्र्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता.

आणि मग मी, मूर्खासारखा, म्हणालो, "तुम्हीच सांगायचात ना, राणीने दूतांना..."

"राणीच्या मनात ते होतं," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नाही. "म्हणून ती म्हणू शकली, माझंच आहे. माझ्या मनात नव्हतं. मी त्याला प्लीज म्हटलं होतं."

त्यांनी स्विच बंद केला. वर गेल्या. वीस मिनिटांनी काळा कोट घालून, लहान बॅग घेऊन खाली आल्या.

"गाडी काढ."

कॉव्हेंट्रीहून एअरपोर्ट फार लांब नाही. पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता आणि मला मनातून तो लालच राहायला हवा होता आणि हिरवाही व्हायला हवा होता. त्या सीटला पाठ न टेकता बसल्या होत्या, तोंड समोर. एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत. टर्मिनलसमोर मी बॅग काढून दिली.

"चावी," त्या म्हणाल्या.

मी गाडीची पुढे केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग कळलं, घराची. जुडग्यातून ती निघेना. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. त्या हात पुढे करून शांत उभ्या होत्या. निघाली एकदाची.

"तुझं सामान शेजारी ठेवायला सांगते," म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी बघत होतो. ताठ चालत होत्या, लोक आपोआप बाजूला होत होते.

त्या परत आल्या, आणखी तीन वर्षं जगल्या. सिस्टरची शेजारीण सांगत होती की भावाच्या मातीला पहिली मूठ त्यांनीच टाकली आणि घरी आल्यावर वकिलाची सगळी पत्रं परसातल्या लोखंडी ड्रममध्ये जाळली. मला त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. मी लिहिली, चार. उत्तर आलं नाही, यायला नकोच होतं.

आता त्या कॉव्हेंट्रीच्या म्युनिसिपल दफनभूमीत आहेत. आई-वडील समुद्रापलीकडे, भाऊ त्यांच्या शेजारी, भावजय बर्मिंगहॅमला एकटी. पाचजणांची अशी पांगापांग एका फोनने झाली. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. साधा, बुटका दगड, नाव आणि हुद्दा, बाकी काही नाही. आजूबाजूचे सगळे दगड रस्त्याकडे तोंड करून आहेत. त्यांचा तेवढा पश्चिमेकडे, आयर्लंडकडे आहे.

हा कागद आज संध्याकाळी बायकोच्या हातात देणार आहे. ती विचारेल, एवढी वर्षं का नाही सांगितलंस. या वेळी तरी काही बनवून सांगणार नाही.