मागावरचं कुंकू

सुट्टीच्या दिवशी मशीन बघायला कोण जातं? आमचे हे जातात. हे म्हणजे दत्ताराम परब. वीस वर्षं परळच्या गिरणीत विणकर, आणि संप सुरू झाल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, विक्रोळीच्या एका कारखान्यात टेम्पररी हेल्पर. त्या कारखान्याच्या कामगार मंडळाने पंच्याऐंशी साली सहल काढली, ती जुन्या यंत्रांच्या दोन संग्रहालयांची. आठवडाभर मशीनशी झटापट करायची आणि रविवारी बायकोला घेऊन पुन्हा मशीनच बघायची! शेजारच्या सुगंधावहिनी बागेत जायचंय समजून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन आल्या होत्या. बसमध्ये खरं कळल्यावर त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि कपाळावर हात मारला.

माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. कारखाना ह्यांना पर्मनंट करायला तयार होता. फॉर्म महिनाभर आमच्या घाटकोपरच्या खोलीत देवाच्या फळीवर पडून होता. त्यात एक ओळ होती, की मी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या हजेरीपटावर नाही. म्हणजे सही करायची तर आधी गिरणीचा राजीनामा. सोमवार शेवटचा दिवस, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी रोज विचारायची आणि हे रोज म्हणायचे, "गिरणी सुरू होईल गं. बोलणी चाललीत." कोण कुणाशी बोलत होतं, देव जाणे. मी भांडले, अबोला धरला, एक दिवस भाजीत मीठसुद्धा घातलं नाही. हे गुपचूप जेवून उठले.

पहिल्या संग्रहालयात पाणी उपसायची इंजिनं होती. हे प्रत्येकाला हात लावत पुढे, आणि ओरडत रखवालदार मागे. "एवढी चकचकीत आहेत तर चालू का नाही करत?" सुगंधावहिनींनी विचारलं. पाट्या वाचूनही काही उलगडा होईना.

दुसऱ्या ठिकाणी एका लांब खोलीत, दोरीच्या पलीकडे, कापड विणायचा माग होता. हे एकदम थांबले. मागावर सूत ताणलेलं, कापड अर्धं विणलेलं. जणू विणकर चहाला गेलाय आणि आता येईल.

"हा चालू कधी होणार?" ह्यांनी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं.

"चालू नाही व्हायचा. बघायला ठेवलाय."

"मग तेल कशाला घातलंय?"

"गंजू नये म्हणून."

"चालणारच नाही, तर गंजला काय आणि न गंजला काय?"

रखवालदार माझ्याकडे बघायला लागला. मलाही ते बरोबरच वाटत होतं.

तेवढ्यात हे वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. गडबडले की हे मालवणीवर येतात. "रत्ना, हय ये गो. कुकू बघ."

मागाच्या लोखंडी सांध्यात लाल डाग होता. मग मला कळलं ते असं. दसऱ्याला विणकर आपल्या मागाला कुंकू लावतो. काम सोडताना, किंवा माग मोडीत निघाला तर, ते त्यानेच पुसायचं, हात जोडायचे आणि निघायचं. दुसऱ्या कुणी पुसायचं नाही.

"हेचा पुसूक नाय," हे म्हणाले. "म्हणजे हेचो विणकर परत येतलो."

"आणि तुमच्या मागाचं?"

"तसाच आसा. चार दिवसांत संप मिटलो की परत जावचा होता ना. आता गेटवर आत कोण सोडता?"

म्हणजे महिनाभर फॉर्म अडला होता तो ह्या कुंकवापायी! आणि बायकोला एका शब्दाने सांगितलं नाही. मला इतका राग आला, आणि रडूही आलं. कुठलं आधी आलं ते सांगता येत नाही.

"तो डाग साफ करायचा राहिलाय," रखवालदार म्हणाला. "उद्या पुसून घेतो."

"ह्याचा विणकर कुठे आहे?" ह्यांनी विचारलं.

"काय माहीत. गिरणीने भंगारात काढला होता, तिथून आणलाय."

हे पुन्हा त्या डागाकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "मी पुसू?"

रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि दोरी वर धरली. ह्यांनी माझ्याकडून पाण्याची बाटली घेऊन रुमाल भिजवला. महिनाभर ज्याच्यासाठी मी डोकं आपटलं ते आता होणार, हे मला दिसत होतं. तरी वाटलं, ओरडून सांगावं, अहो, राहू द्या. नाही सांगितलं. त्यांनी सांधा नीट पुसला, हात जोडले, आणि दोरीखालून बाहेर आले.

परतीच्या बसमध्ये सगळे पुऱ्यांवर तुटून पडले होते. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या सही करतंय."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"अहो, पण तो माग तुमचा कुठे होता?"

"माझो नव्हतो."

"मग?"

"ज्याचो होतो, तेका तरी खंय कोणी आत सोडल्यान?" ओला रुमाल अजून त्यांच्या मुठीत होता. "माझ्या मागाचाय कोणीतरी असाच पुसू दे."