गुंडूच्या मेंदूचा फ्लेक्स

गुंडू चौगल्यानं दिवाळीत दारू सोडली आणि जग एकदम अळणी झालं. म्हशीनं दूध जास्त दिलं तरी आनंद नाही, तालमीचा पैलवान जिंकला तरी नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टर पूर्णिमांनी त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि संगणकावर खेळ लावला. दोन डब्यांतला एक निवडायचा. बक्षीस निघालं की मेंदूत लाट उसळायला हवी. गुंडू जिंकत गेला. लाट मात्र रंकाळ्याच्या पाण्यासारखी निवांत.

“बरीच वर्षं पिणाऱ्यांचं असं होऊ शकतं,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदूला साध्या बक्षिसाचं कौतुक राहत नाही. पिऊ नका. हळूहळू सुधारेल.”

तालमीतल्या मित्रांना हा गल्लीचा अपमान वाटला. “आपल्या गुंड्याची लाट बारीक? मशीनच पुण्याचं असणार!” त्यांच्यातला सम्राट गरजला.

गुंडूनं मात्र नेट धरला. बायकोनं, लीलानं, बजावलंच होतं, “परत प्यालासा तर मी राधानगरीला माहेरी. म्हस बी माझ्यासंगं.” बायकोची समजूत घालता येते, म्हशीची कोण घालणार?

गुढीपाडव्यानंतर पुन्हा तपासणी झाली. लाट थोडी उठली. त्यातला ‘थोडी’ हा शब्द तालमीनं ऐकलाच नाही. संध्याकाळी चौकात फ्लेक्स: गॉगल लावलेला गुंडू, मागं वाघ, डोक्यातून वीज. ‘मेंदूत लाट आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

आता कोल्हापुरात कौतुक कोरडं होत नसतं. लीला आत मटणाला फोडणी देत होती, तोवर गुंडूच्या अंगणात जमलेल्या मित्रांत सम्राटनं पिशवीतून बाटली काढली आणि ग्लास गुंडूपुढं धरला. “दारू सोडल्याचा आनंद हाय भावा! आजच्या दिवशी कोरडं बसतंय व्हय कोण?”

वास नाकात शिरला. डोक्यात काय उसळलं ते समजायला गुंडूला टोपीची गरज पडली नाही. तो ताडकन उभा राहिला. भाषण करतोय वाटून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तो थेट स्वयंपाकघरात गेला.

“लीला, काम दे. भाईर बसलो तर पितोय बघ.”

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि कांद्याची बुट्टी पुढं सरकवली.

“आरं, बाप्या माणूस चुलीपाशी? तालमीचं नाक कापलंस की!” बाहेरून आरोळी आली. “वैनी, पाठवा त्याला!”

गुंडू कांदा चिरत होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“दार लावू?” लीलानं विचारलं.

“लाव. कडी बी घाल. ते आत येतील म्हणून न्हवं, मी भाईर जाईन म्हणून.”