सभेची वही मागायला सावळखेडला

डिसेंबरच्या सुरुवातीला सावळखेडच्या अध्यापक विद्यालयातून एक कार्ड आलं. "शांताताईंची पेटी इथे नीट ठेवली आहे. रेल्वेने पाठवावी, की आपण येता?" शांता आमची मुलगी. ती तिथे तीन वर्षं शिकवत होती आणि गेल्या पावसाळ्यात विषमज्वराने तिथेच गेली. तार हातात पडली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, म्हणून मी त्या वेळी गेलो नाही. त्याआधीही गेलो नव्हतो. इतक्या लांब, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिने नोकरी धरावी हे मला पसंत नव्हतं.

कार्ड वाचून ही म्हणाली, "पेटी येईल रेल्वेने. पण ती सभेची वही, जिचं ती पत्रांत नुसतं नाव घ्यायची, ती पेटीत नसणार. ती तुम्ही स्वतः जाऊन घेऊन या."

मी जन्मभर मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. लिहिण्याची सवय नाही. पण परत आल्यावर ओळखीच्या दोघांनी विचारलं की तिकडे कसं जायचं, काय पाहायचं. शिवाय आमच्या वाचनालयाच्या मासिकात अशा हकिगती देतात. म्हणून ही हकीगत.

साताऱ्याहून पुणे, तिथून दौंड-मनमाडमार्गे भुसावळ आणि भुसावळहून नागपूरकडे जाणारी पॅसेंजर, असा मार्ग आहे. तिसऱ्या वर्गात गर्दी होती, पण भुसावळनंतर बसायला जागा मिळाली. सोबत कांबळं अवश्य असावं, कारण पहाटे काळ्या जमिनीवरून येणारा वारा चांगलाच बोचतो. मला खरं म्हणजे वर्ध्याच्या पुढे सिंदीला उतरायचं होतं. मी वर्ध्यालाच उतरलो. इतक्या लांब आलो तर सेवाग्राम पाहावं असं मनाला सांगितलं, पण सावळखेडला जाणं एक दिवस पुढे ढकलायचं होतं, हेच खरं कारण.

सेवाग्रामला टांगा जातो. अंतर पाचेक मैल, रस्ता बरा. आश्रमातल्या कुट्या मातीच्या आणि कौलारू आहेत, बांबूच्या चटयांनी सावली केलेली. देशातला एवढा मोठा कारभार कधीकाळी इतक्या लहान खोलीतून चालला हे पाहून मी बराच वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिलो. मोजायची सवय असल्यामुळे मनातल्या मनात खोली मोजली. आमच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरापेक्षा फार मोठी भरली नाही. जाणाऱ्यांनी एक पूर्ण दिवस द्यावा. जेवणाला भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने सिंदीला पोचलो. मेल गाडी इथे थांबत नाही, हे ध्यानात ठेवावं. स्टेशनबाहेर कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग होती. त्यांना तिकडे बंडी म्हणतात. परत जाणारी एक रिकामी बंडी सावळखेडच्या बाजूची निघाली. बंडीवाल्याचं नाव गोविंदा. दीड रुपया ठरला. दशमान पद्धतीची नवी नाणी त्याच वर्षी निघाली होती.

"नवे पैसे नका देजो जी," तो म्हणाला. "आमच्या घरच्या बाईले त्यातलं काही समजत नाई. ते मलेच चोर म्हणते."

वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि मध्ये तुरीच्या ओळी होत्या. मी कुठला ते त्याने विचारलं. साताऱ्याचा म्हटल्यावर तो हसला. "म्हणजे आता आपण एकाच राज्यातले. आमी मध्यप्रदेशातले होतो जी. एक दिवस मास्तरनं सांगतलं, आता आपुन मुंबई राज्यात गेलो. म्या म्हटलं, गेलो तं गेलो, पण बंडी तं इथंच उभी हाय!"

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "इद्यालयात काऊन चालले?"

मी सांगितलं. त्याने बैल हळू केले. मग म्हणाला, "ताई मायाच बंडीत बसून आलती पयल्यांदा. लय प्रश्न विचारे." उतरताना त्याने दीड रुपयातला अर्धा रुपया परत केला. मी घेत नव्हतो, पण त्याने तो माझ्या पिशवीत टाकला आणि बैल वळवले.

विद्यालय म्हणजे चार लांब मातीच्या इमारती, मधलं अंगण आणि अंगणात कडुनिंब. खेड्यांतल्या शाळांसाठी शिक्षक तयार करायचं हे ठिकाण. एकोणतीस विद्यार्थी, वय अठरा ते बावीस. काही याच जिल्ह्यातले, काही छत्तीसगडकडचे, काही जुन्या निजाम राज्यातले. त्यांच्यातले पुष्कळजण असे की ज्यांच्या आईबापांना पूर्वी मताचा हक्कच नव्हता, आणि आता ह्यांना खेड्यात जाऊन मत म्हणजे काय ते शिकवायचं आहे. मुख्याध्यापकांना सगळे भाऊ म्हणतात. साठीचे, सडपातळ, हळू बोलणारे. त्यांनी मला पेटीजवळ नेऊन एकटं सोडलं. पेटीत तीन लुगडी, टकळी, चष्म्याचं घर आणि आईची पत्रं होती. माझं पत्र नव्हतं, कारण मी लिहिलंच नव्हतं.

संध्याकाळी मी भाऊंना वहीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "वही आहे. पण ती माझी नाही, मी कशी देऊ? सभेची आहे. उद्या शनिवार, दुपारी सभा भरते. तुम्ही अर्ज करा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते गंभीर होते. इथला सगळा कारभार मुलांची सभा चालवते. स्वयंपाक, सफाई, शेती, आजाऱ्यांची देखभाल यांसाठी मुलं आपल्यातूनच मंत्री निवडतात. शिक्षकांना आणि स्वयंपाकाच्या रखमाबाईंना मुलांइतकंच एकेक मत. मी कंदिलापाशी बसून दोन ओळींचा अर्ज लिहिला आणि त्या आठवड्याचा सभापती वसंत, सिंदीच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मुलगा, त्याच्याकडे दिला. त्याने तो वाचला आणि संकोचत परत केला.

"काका, कारण लिहिलेलं नाही."

तीस वर्षं मी लोकांचे अर्ज याच कारणासाठी परत केले होते. मी खाली लिहिलं, 'मुलीची आठवण म्हणून.'

शनिवारी सकाळी पाहुण्यालाही काम असतं. मला कापूस वेचायला पाठवलं. बोटं सोलली. रखमाबाईंनी माझ्या ओटीतला कापूस पाहून सगळ्यांसमोर म्हटलं, "या हिशेबानं साहेबायच्या एका सदऱ्याले दोन वर्सं लागतीन!" पोरं हसली, मीही हसलो. दुपारी जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी होती. ही चटणी आमच्याकडे मिळत नाही. खाणाऱ्याने दुसऱ्यांदा मागून घ्यावी.

मग कडुनिंबाखाली तरटं पसरली आणि सभा भरली. खुर्ची कोणालाच नाही. वसंतने माझा अर्ज वाचला आणि कोणाचा विरोध आहे का विचारलं. मग वत्सला नावाची मुलगी उभी राहिली. आर्वीकडच्या एका खेड्यातली, वीस वर्षांची. परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या दसऱ्याला तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. ती सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी, असं भाऊंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

इथला एक नियम असा की, ज्याला विरोध करायचा त्याने आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, आणि समोरच्याने "होय, हेच" म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही.

वत्सला म्हणाली, "काकायचं म्हणणं असं हाय. ताईनं घरी पत्रं लिहिली, पण त्यात खुशालीच असे. ती इथं काय करत होती, ते घरी कोणाले मायीत नाई. काकायनं कधी विचारलं नाई. आता विचारायले ताई नाई. म्हणून त्यायले वही पायजे." ती थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ताई सांगे, माये बाबा रागावले म्हणून गप नाईत. त्यायले बोलताच येत नाई."

वसंतने विचारलं, "काका, हेच तुमचं म्हणणं?"

मी अर्जात हे काहीच लिहिलं नव्हतं. मी "होय" म्हटलं.

"आता माहं," वत्सला म्हणाली. "दीक्षा घेऊन आलो तवा आम्ही चौघं म्हटलं, सांजच्या प्रार्थनेत आमचं त्रिशरण बी मोठ्यानं म्हणायचं. लय भांडण झालं. ताई आमच्या विरुद्ध होती. ताई म्हणे, प्रार्थना एकच असावी, नाई तं आपली चार टोळकी होतीन. मत झालं. ताई हरली. त्या पानावर लिहून हाय, की त्रिशरण होईल, ज्याले म्हणायचं नाई त्यानं उठून न जाता बसावं. एप्रिलात आमी जाऊ. नवीन पोट्टे येतीन, नवीन शिक्षक येतीन. ते इचारतीन, हे कोणं ठरवलं? तवा ते पान इथं पायजे."

कोणीतरी म्हणालं, त्या पानाची नक्कल करून ठेवता येईल.

"नक्कल मायी अन् पान ताईचं, दोन्ही सारखे कसे?" ती म्हणाली. "आपल्याकडं निर्णय हरणाराच लिहितो. ताईनं सोताच्या विरुद्ध लिहिलं, म्हणून कोणी म्हणू शकत नाई का जितणाऱ्यायनं वाढवून लिहिलं."

मला तोपर्यंत हा नियम माहीत नव्हता. मी समजत होतो, वही माझ्या मुलीच्या अक्षराने भरलेली असेल.

वसंत स्वतः माझ्या बाजूने बोलला. म्हणाला, बाप इतक्या लांबून आला आहे, आपण त्याला रिकामा पाठवला तर नियम शिकलो, माणुसकी नाही. त्यावर बरीच बोलाबोली झाली. भाऊ शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मत देण्याची पद्धत अशी: पडद्यामागे एक मडकं, होय म्हणायचं तर तुरीचा दाणा टाकायचा, नाही म्हणायचं तर सरकी. रखमाबाई पडद्यामागे सगळ्यांत जास्त वेळ राहिल्या. तेव्हा एक पोरगा ओरडला, "मावशी, डाळ निवडू नका, दाणा टाका!" त्यांनी पडद्यातून हात काढून त्याला बुक्की दाखवली.

मडकं तरटावर उपडं केलं. तुरीचे दाणे तेरा, सरकी एकवीस.

कोणी टाळी वाजवली नाही. वसंतने वही, दौत आणि टाक माझ्यापुढे ठेवला. हरणारा मी होतो, म्हणून निर्णय मला लिहायचा होता. मी लिहिलं: 'शांताच्या वडिलांनी सभेची वही घरी नेण्यास मागितली. सभेने तेरा विरुद्ध एकवीस मतांनी नकार दिला. वही इथेच राहील. निर्णय मला मान्य आहे.' खाली सही केली. वत्सला शेजारी बसून शाई वाळेपर्यंत कागदावर हलकेच फुंकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने माफी मागितली नाही, आणि ते मला योग्य वाटलं.

मग मी ऊन उतरेपर्यंत ओसरीवर बसून वही वाचली. तीन वर्षांत शांता पाच वेळा हरली होती. वहीत तिचं अक्षर तेवढ्याच पाच ठिकाणी होतं. स्वयंपाकाची पाळी मुलग्यांनाही असावी की नाही, यात ती जिंकली होती, म्हणून ते पान एका मुलाने अगदी रागीट अक्षरात लिहिलेलं आहे. प्रार्थनेच्या पानावर तिने शेवटी मागाहून एक ओळ जास्त लिहिली होती: 'मला भीती वाटत होती. आज सर्वजण बसून राहिले, कोणी उठले नाही.'

त्या संध्याकाळी प्रार्थनेला मी बसलो. आधी नेहमीची झाली, मग वत्सलाने त्रिशरण सुरू केलं. पाच-सहा आवाज होते, मग वीस झाले. मला ते येत नाही. मी बसून राहिलो.

मला वाटतं, लोकशाही म्हणजे काय ते मी साठाव्या वर्षी त्या अंगणात पाहिलं. निवडणुकीत दोनदा मत दिलं होतं, पण हरल्यावर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. जे कोणी तिकडे जातील त्यांनी शनिवार धरून जावं आणि पाहुणा म्हणून नुसतं बसू नये. विद्यालय राहण्याचे पैसे घेत नाही, काम घेतं.

पेटी घेऊन सभेनंतर चौथ्या दिवशी घरी आलो. हिने पेटी उघडायच्या आधी विचारलं, "वही?"

मी सांगितलं.

"पोरांनी नाही म्हटलं, आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. लिहूनही दिलं."

ती आत निघून गेली. दोन दिवस आमचं फारसं बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "तिने लिहिलेली ती पाच पानं सांगा." मी एकेक सांगत गेलो. चार नीट सांगता आली. पाचवं विहिरीवरच्या पाळ्यांबद्दल होतं, त्यातली वाक्यं मला जशीच्या तशी आठवेनात. इतकी वर्षं बोललो नाही त्या मुलीबद्दल मी त्या दुपारी तासभर बोललो, आणि हिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

ते पाचवं पान मात्र तिला पुरतं हवं होतं. तिने स्वतः एक कार्ड घेतलं. माझ्याकडून पत्ता विचारून घेतला आणि मुख्याध्यापकांच्या नावाऐवजी वर 'सभेस' असं लिहिलं. खाली लिहिलं, 'मी शांताची आई. वही नेणार नाही. तिथे बसून वाचीन. स्वयंपाकाचं काम द्यावं.'

मार्चपासून तिकडे ऊन सोसत नाही म्हणतात. आम्ही दोघं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतो आहोत. या खेपेला थेट सिंदीचं तिकीट काढणार.